गोष्ट लक्षात राहणं: चित्रं आणि तीच गोष्ट परत परत

लहान मुलांच्या डोक्यात ऐकलेली गोष्ट किती टिकते हे बरंचसं दोन बाबींवर ठरतं, सोबत चित्रं कशी आहेत आणि तीच गोष्ट किती वेळा ऐकलीय. चित्रांचा फायदा का होतो याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैव्हिओ यांची १९७१ ची मांडणी: शब्द आणि चित्र मेंदूत वेगवेगळ्या रूपात साठतात, एक निसटलं तरी दुसऱ्यावरून आठवतं.

पण वाट्टेल ते चित्र चालत नाही. वाचून दाखवताना चार वर्षांच्या पोराची नजर अक्षरांवर जवळपास जातच नाही, सगळा वेळ चित्रावर, मग आपण सशाबद्दल वाचतोय आणि ससा कोपऱ्यात नि बाकी पानभर फुलपाखरं, ढग, बेडूक अशी जत्रा असेल तर पोर बेडकातच अडकणार ना. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांमधली असली जास्तीची सजावट काढली तर गोष्ट जास्त समजली. आपल्या बाजारातली बरीच चकचकीत पुस्तकं नेमकी याच्या उलट असतात.

रिपीटचं म्हणाल तर इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी (२०११) तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द गोष्टींतून ऐकवले, काहींना तीच गोष्ट परत परत, काहींना वेगवेगळ्या, शब्द मात्र तितक्याच वेळा, आणि तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द जास्त आले. पहिल्यांदा पोर पुढे काय होतं यातच गुंतलेलं असतं, ते कळलं की बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायला जागा होते. कंटाळा येतो तो आपल्याला!

तोंडी गोष्टींमध्ये तर रिपीट आतच बसवलेलं असतं. कावळा दार वाजवतो, चिऊताई दर वेळी ‘थांब, माझ्या बाळाला...’ म्हणत न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, झोपवते. क्रम घरातल्या रोजच्या अंघोळीचाच, त्यामुळे पाठ करावा लागत नाही आणि आजीने एक पायरी गाळली की लगेच पकडली जाते. इथे चित्र नसलं तरी अडत नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गातात, आता ते काही खास मुलांसाठी नाही, पण एका वेळी एकच चित्र ही पद्धत अगदी बरोबर आहे. ससेक्सच्याच नंतरच्या प्रयोगात समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्र असेल तर मुलं कमी शब्द शिकली, आणि वाचणाऱ्याने आधी हाताने योग्य पान दाखवलं की तो तोटा भरून निघाला.