गुलाबाचे कोणते पान पिवळे पडले आहे?

गुलाबाची पाने पिवळी पडू लागली की बहुतेक जण आधी खत घालतात. फरक दिसला नाही की पाणी वाढवतात, आणि आठवडाभरात बुरशीनाशक, कीटकनाशक, एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) असे सगळे एकाच कुंडीत जाऊन पडते. पुष्कळ झाडे मूळ दुखण्यापेक्षा या उपचारांनीच मरतात. पिवळेपणा हा रोग नाही, लक्षण आहे. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: पिवळे पडलेले पान जुने आहे की नवे?

खालची, जुनी पाने सर्वांगाने फिकट होत गेली तर नत्र (नायट्रोजन) कमी पडते आहे. नत्र झाडाच्या अंगात फिरते. नव्या शेंड्याला हवे असले की झाड ते जुन्या पानांतून काढून वर पाठवते. मॅग्नेशियमचेही तसेच, फक्त तिथे शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. त्यामुळे लोहाची चणचण आधी कोवळ्या शेंड्यावर दिसते: पान पिवळे, कधी जवळजवळ पांढरे, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी.

लोह कमी पडते तेव्हा ते मातीत नसतेच, असे क्वचित घडते. सामू (पीएच) हे मातीच्या आम्लतेचे माप: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. गुलाबाला ६ ते ६.५ सामूची, किंचित आम्लधर्मी माती मानवते. सामू ७.५ च्या वर गेला की मातीतले लोह मुळांना उचलता येत नाही. कुंडीत हे नकळत होते. जड पाण्यातली बायकार्बोनेटे साठत जातात आणि सामू चढत राहतो. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर त्यातले लोहही लवकरच अडकून बसते. चिलेट स्वरूपातले, म्हणजे अडकून बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेले लोह द्यावे, आणि त्यातही ईडीडीएचए प्रकारचे, कारण ईडीटीए प्रकार अल्कधर्मी मातीत टिकत नाही. लिटरभर पाण्यात २ ते ३ ग्रॅम हिराकस विरघळवून फवारला तर पाने हिरवी होतात, पण तेवढीच. सामू सुधारत नाही तोवर पुढची पालवी पुन्हा पिवळीच येते. एप्सम मीठही सरसकट देऊ नये. मॅग्नेशियम जास्त झाले की मुळांना कॅल्शियम आणि पोटॅश घेणे अवघड जाते.

नवी-जुनी पाने एकदमच पिवळी पडली आहेत, माती ओली आहे आणि तरी झाड मलूल दिसते, असे असेल तर खताचा विचार बाजूला ठेवा आणि मुळे पाहा. कुंडी आडवी करून कडेला थापा मारा आणि मातीचा गोळा अलगद बाहेर घ्या. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट तपकिरी आणि टणक असते. सडलेले मूळ दोन बोटांत धरून ओढले की साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याएवढी काडी उरते. मातीला नासका वास येतो. अशी मुळे कापून काढावीत, ताज्या भुसभुशीत मातीत झाड लावावे, वरचा फांद्यांचा भार एक तृतीयांशाने कमी करावा आणि दहाएक दिवस कडक उन्हापासून जपावे. नवी फूट दिसेपर्यंत खत देऊ नये.

निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत आहे, तिचा परिणाम नेमका उलटा होतो. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही; माती पूर्ण भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोके मोकळी ठेवावीत, त्यांवर जाळीचा तुकडा ठेवावा आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) सबंध मातीतच मिसळावे.

आता बुरशी. काळे ठिपके आणि भुरी यांना एकच औषध मारले जाते, पण दोघींच्या सवयी अगदी विरुद्ध आहेत. काळ्या ठिपक्यांची बुरशी, डिप्लोकार्पॉन रोझी, पान सलग सातेक तास ओले राहिल्याशिवाय रुजत नाही. तिचा ठिपका नीट पाहा: कडा गुळगुळीत नसते, पाण्यात शाई फुटावी तशी झिरमिळ्यांची असते, भोवती पिवळे वलय येते आणि पान गळून पडते. भुरीच्या बीजाणूंना मात्र पाण्याचा थर सोसत नाही. दमट रात्र आणि कोरडा, उबदार दिवस असे हवामान तिला पोषक. कोवळी पाने वळतात आणि कळीच्या देठापर्यंत पांढरी पूड चढते.

काळ्या ठिपक्यांवर निम्मा उपाय पाणी देण्याच्या वेळेतच आहे. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. संध्याकाळी झारीने अंघोळ घातलेले झाड रात्रभर ओले राहते आणि बुरशीला हवे तेवढे तास आयते मिळतात. गळलेली पाने वेचून बागेबाहेर टाकावीत. पुढचा प्रादुर्भाव त्यांतूनच होतो. बुरशीनाशक अजून रोग न लागलेल्या पानाला वाचवते, आधीच पडलेला ठिपका पुसत नाही, त्यामुळे औषध मारले तरी डाग तसेच का, या प्रश्नाला अर्थ नाही. नवी पालवी स्वच्छ आली की उपाय लागू पडला. भुरीवर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम पुरते, पण ऊन ३२ अंशांच्या वर असताना ते मारले तर पाने करपतात. कडुनिंबाचे तेल फवारले असेल तर त्यानंतर किमान दोन आठवडे गंधक वापरू नये.

छाटणीनंतर फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते, तेव्हा घाई करावी लागते, कारण ती बुरशी खाली उतरतच राहते. काळ्या भागाच्या खाली, निरोगी फांदीत, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) साधारण ५ मिलिमीटर वर तिरका काप घ्या. मग कापलेले तोंड पाहा. मधला गाभा पांढराशुभ्र असला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी एक डोळा खाली या, पुन्हा पाहा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. डोळ्यापासून फार वर कापले तर राहिलेला ठोंब वाळतो आणि रोग तिथूनच शिरतो.

कापावर बोर्डो पेस्ट लावावी. १०० मिलिलिटर पाण्यात २० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि वेगळ्या १०० मिलिलिटरमध्ये २० ग्रॅम कळीचा चुना विरघळवा, गार झाल्यावर दोन्ही एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, धातूचे नको, आणि हातमोजे घाला. स्वच्छ लोखंडी खिळा मिश्रणात दोन मिनिटे धरा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा आहे, थोडा चुना वाढवा. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे. फ्रान्समधल्या बोर्दो परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेलींवर रोग कमी दिसतो हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ मध्ये त्याची कृती जाहीर केली.

किडींत सर्वांत जास्त फसवतो तो लाल कोळी. पानावर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात, पान धुरकट दिसते आणि लोक त्याला खताची कमतरता समजतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचका. खाली पडलेले कण चालू लागले, आणि बोटाने पुसल्यावर रेघ उमटली, तर तो कोळीच. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नाही. साध्या कीटकनाशकाने तो मरत नाही, मरतात ते त्याला खाणारे किडे. म्हणून फवारणीनंतर कोळी वाढतो. उन्हाळ्यात अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला जेमतेम आठवडा लागतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार झोत मारावा, आणि अंडी उबून निघणाऱ्या पिढीसाठी दर चार दिवसांनी, असे तीनदा करावे. सकाळचे पाणी उन्हात लवकर सुकते, त्यामुळे ठिपक्यांचे भय राहत नाही.

मावा पाण्याच्या झोतानेच पुष्कळसा जातो. नत्र जास्त दिलेल्या लुसलुशीत शेंड्यांवर तो पुन्हा येतो, आणि मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याची राखण करतात, तेव्हा आधी मुंग्यांची वाट बंद करावी. कळ्या न उमलता कडा तपकिरी होत असतील तर फुलकिडे आहेत. अशा कळ्या खुडून टाकाव्यात.

हीच नजर इतर झाडांनाही कामी येते. मिरचीचे पान होडीसारखे वर वळले तर फुलकिडे, कडा खाली वळल्या तर पिवळा कोळी. दोन्हींना चुरडा-मुरडाच म्हणतात, औषधे मात्र वेगळी. टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो रोग नव्हे. पाणी कधी कमी कधी जास्त मिळाल्याने कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. लिंबाच्या कोवळ्या पानांवरच्या चंदेरी नागमोडी रेघा नागअळीच्या असतात, आणि मोठ्या झाडाला त्यांनी फारसे बिघडत नाही.

गुलाबाचा रंगच बदलला, लाल फुलांऐवजी बारीक पांढरी किंवा गुलाबी फुले येऊ लागली, अशी तक्रार असते. तिथे रोग नसतो. कलमी गुलाबाचा डोळा रानटी गुलाबाच्या खुंटावर बसवलेला असतो; त्या सांध्याच्या खालून तो खुंट फुटलेला असतो आणि तो कलमाचे अन्न खात असतो. पानाच्या पर्णिका (एका देठावरची छोटी पाने) मोजून ओळखू नका, काही कलमी जातींनाही सात पर्णिका असतात. माती बाजूला सारून फूट नेमकी कुठून निघाली ते पाहा. सांध्याखालून असेल तर ती कात्रीने कापू नका, बुडाशी घट्ट धरून खाली झटका देऊन उपटा. कापली तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोन-तीन नव्या फुटी येतात.