लाट दहा सेकंदांची, मेहनत तासाची

माझा भाचा गेल्या हिवाळ्यात मंगळूरजवळच्या मुळकीला आठवडाभर सर्फिंग शिकून आला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी पोरगं पोचलं ते नाकाची सालं निघालेलं. दप्तर खाली ठेवायच्या आधी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. "मामा, हे बघा की. सगळ्यात लांब लाट एक किलोमीटर आठशे मीटर! टॉप स्पीड त्रेचाळीस!"

माझी आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आन् मधी कुठं थांबा न्हवता व्हय रं?"

आजीची शंका रास्त होती. पेरू देशातली चिकामाची लाट जगातल्या सर्वांत लांब लाटांमध्ये मोजतात, आणि तिचीही ख्याती दोनेक किलोमीटरांचीच आहे. शिकाऊ पोराने मुळकीत तिच्याशी बरोबरी केली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. दोन प्रश्नांत उलगडा झाला. शेवटच्या दिवशी पाण्यातून बाहेर आल्यावर गडी घड्याळातली नोंद बंद करायला विसरला, आणि भाड्याच्या स्कूटरवर बसून मुक्कामाला गेला. घड्याळाने त्या स्कूटरलाच आठवड्यातली सर्वोत्तम लाट म्हणून मान दिला.

आम्ही पोट धरून हसलो. पण घड्याळाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. त्याला समुद्र दिसत नाही, फळी दिसत नाही, स्कूटरही दिसत नाही. त्याला कळतो तो वेग. सर्फर फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारत पुढे सरकतो, त्याला पॅडलिंग म्हणतात. तेव्हा त्याचा वेग साधारण आपल्या चालण्याइतका, तासाला चार-पाच किलोमीटर असतो. लाट पकडली की तो एकदम वीस-तीसच्या घरात जातो. मग घड्याळातला प्रोग्राम सोपा नियम लावतो: वेग अमुक आकड्याच्या वर गेला आणि काही सेकंद टिकला, की लाट सुरू, खाली आला की लाट संपली. रिप कर्ल कंपनीने २०१४ साली आणलेल्या जीपीएस घड्याळापासून अशा लाटा मोजणाऱ्या यंत्रांचा बाजार वाढला, आणि आता हे काम साध्या स्मार्टवॉचवरचं ॲपही करतं. स्पर्धकाला जेट-स्कीवर, म्हणजे पाण्यावरच्या मोटारसायकलवर, बसवून परत आत नेलं, तरी असा भाबडा नियम ती लाटच धरणार.

जीपीएसची खरी अडचण मात्र स्कूटरची नाही, पाण्याची आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्याच्या काही सेंटिमीटर थरातच विरून जातात. पॅडलिंग करताना मनगट दर हाताला पाण्याखाली जातं, म्हणजे घड्याळ सतत डोळे मिटत-उघडत असतं. म्हणून अभ्यासक यंत्र मनगटाला न बांधता पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये बसवणं पसंत करतात. फुटबॉलपटू जर्सीखाली जाकीट घालतात ना, तीच जागा. दुसरी अडचण वेळेची. साधं जीपीएस सेकंदाला एकदा जागा सांगतं. सेकंदाला आठ मीटर वेगाने जाणारा सर्फर दोन नोंदींच्या मध्ये आठ मीटर पुढे गेलेला असतो, आणि तेवढ्यात त्याने एक अख्खं वळण मारलेलं असतं. ते वळण नोंदीत येतच नाही.

वळण पकडायचं तर दुसरी यंत्रं लागतात, आणि ती तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ताही आहेत. एक प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा), एक जायरोस्कोप (फिरणं मोजणारा). प्रवेगमापकात सिलिकॉनचा केसापेक्षाही बारीक पट्ट्यांवर टांगलेला एक ठोकळा असतो. फोनला हिसका बसला की ठोकळा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, आणि त्या फरकाने बदललेली विद्युत धारिता (वीज साठवायची क्षमता) चिप मोजते. जायरोस्कोपमध्ये असाच एक ठोकळा सतत थरथरत ठेवलेला असतो. यंत्र फिरलं की तो आडवा सरकतो आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो. दोन्ही सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त नोंदी सहज देतात.

कोल्हापुरात समुद्र कुठला आणायचा? रंकाळ्यावर वारा सुटला तर वीतभर लाटा उठतात. लाट मोठी व्हायला जोराचा वारा, बराच वेळ आणि शेकडो किलोमीटरचं मोकळं पाणी लागतं. रंकाळ्याच्या एका काठावरून दुसरा काठ दिसतो. मग आम्ही तळ्याजवळच्या बागेतल्या झोपाळ्यावर भागवलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स नावाचं फुकट ॲप फोनवर घेतलं आणि भाच्याला झोपाळ्यावर बसवलं.

पहिल्यांदा फोन त्याच्या विजारीच्या खिशात होता. आलेख आला तो खाटकाच्या फळीसारखा, नुसते ओरखडे. खिशात फोन हेलकावे खात होता, त्याचेच हेलकावे नोंदले गेले. दुसऱ्यांदा फोन नाड्याने झोपाळ्याच्या फळीलाच आवळून बांधला. आता सुरेख लाट उमटली. झोपाळा स्थिर असताना आकडा ९.८ (सेकंद-वर्गाला इतके मीटर), म्हणजे गुरुत्वाकर्षण. (स्थिर वस्तूला शून्य दाखवत नाही, हे पाहून भाचा चक्रावला. प्रवेगमापक शून्य दाखवतो तो वस्तू मोकळी पडत असताना.) झोका ४५ अंशांपर्यंत चढवला तर गणित सांगतं, वर टोकाला सुमारे ६.९ आणि खाली तळाला सुमारे १५.५. आमचे आकडे दोन्हीकडे जरा कमी-जास्त, पण जवळपास तेच आले.

हाच तळ लाटेवर असतो. सर्फर लाटेच्या माथ्यावरून खाली घसरतो तेव्हा थोडा वेळ हलका होतो, आकडा ९.८ च्या बराच खाली जातो. मग पायथ्याशी गुडघे वाकवून तो फळी वळवतो आणि पुन्हा वर चढतो. याला बॉटम टर्न म्हणतात, आणि पुढच्या सगळ्या करामती याच्यावर उभ्या असतात. सेकंदाला आठ मीटर वेगाने चार मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर आठचा वर्ग भागिले चार, म्हणजे सोळा. गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीहून जास्त दाब एकट्या वळणाचा. नवखा इथेच घाबरून सरळ उभा राहतो आणि वेग घालवतो. प्रशिक्षकाला हे काठावरून अंदाजाने दिसतं. आलेखात टेकडी किती उंच आणि किती रुंद हे मोजून दिसतं.

मग जीपीएस काढून टाकून याच सेन्सरांवर का भागवत नाहीत? कारण यांची चूक चक्रवाढ व्याजासारखी फुगते. प्रवेगावरून वेग काढायला एकदा बेरीज करावी लागते, वेगावरून अंतर काढायला पुन्हा एकदा. मापनात सेकंद-वर्गाला फक्त एक सेंटिमीटरची कायमची चूक असली तरी मिनिटाभरात यंत्र १८ मीटर वाट चुकतं. दहा मिनिटांत १,८०० मीटर. भाच्याच्या स्कूटरइतकंच, आणि तेही जागचं न हलता!

म्हणून दोघांची सोयरीक जुळवतात. जीपीएस हळू पण भरवशाचा, प्रवेगमापक-जायरोस्कोप चपळ पण भरकटणारे. दोघांच्या साक्षी ऐकायच्या, ज्याची खात्री जास्त त्याला त्या क्षणी वजन द्यायचं, आणि दर नोंदीला अंदाज दुरुस्त करत जायचं. ही रीत हंगेरीत जन्मलेले अमेरिकी अभियंते रुडॉल्फ कालमान यांनी १९६० साली मांडली. अपोलो यानांना चंद्राची वाट दाखवताना ती वापरली गेली, आणि आज तीच तुमच्या फोनमध्ये, ड्रोनमध्ये आणि सर्फरच्या पाठीवर काम करते.

एवढं करूनही आलेखातली टेकडी म्हणजे वळण की धडपड, हे संगणकाला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी काठावरून व्हिडिओ घेतात आणि माणसं बसून सांगतात: इथे वळण, इथे उडी, इथे पडला. व्हिडिओचं घड्याळ आणि सेन्सरचं घड्याळ जुळवायचा एक गावठी उपाय आहे. सर्फरने पाण्यात शिरण्याआधी कॅमेऱ्यासमोर फळीवर दणकून तीन थापा मारायच्या. व्हिडिओत थाप दिसते, आलेखात तीन सुळके दिसतात, दोन्ही एकमेकांवर बसवले की झालं. आमच्याकडे याला शड्डू म्हणतात.

शड्डूचा विषय निघालाच आहे तर तालमीकडे वळतो, कारण या यंत्रांनी सर्फिंगबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही वस्तादाला नवीन वाटणार नाही. न्यूझीलंडमधल्या स्पर्धकांवर जीपीएस बांधून केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्पर्धेच्या वेळेपैकी ५४ टक्के वेळ पॅडलिंगमध्ये गेला, २८ टक्के फळीवर बसून वाट बघण्यात, आणि प्रत्यक्ष लाटेवर फक्त ८ टक्के. वीस मिनिटांच्या फेरीत जेमतेम दीड मिनिट! आपण पडद्यावर बघतो ते हे दीड मिनिट. उरलेलं काठावरून दिसतही नाही, पाण्यात एक काळा ठिपका हलत असतो एवढंच.

त्यामुळे तयारीचा रोख बदलतो. फळीवरचा तोल आणि पायांची ताकद तर लागतेच, पण खांदे, पाठ आणि दंड यांच्यात तासभर पाणी मारून झाल्यावरही लाट दिसताक्षणी चार-पाच जोरकस हात मारायची ताकद शिल्लक असायला हवी. लाट थांबत नाही; ती मागून येते तेव्हा फळीचा वेग तिच्या जवळपास पोचला नसेल तर ती खालून निघून जाते. पैलवानाची फडातली कुस्तीही कधी दोन मिनिटांत निकाली होते. त्यामागे पहाटेचे जोर, बैठका आणि हौदा, म्हणजे आखाड्याची माती, खणणं असतं. वस्ताद तेच मोजतो. सर्फिंगला ते मोजायला उपग्रह लागले, कारण त्यांचा हौदा क्षितिजापर्यंत पसरलेला आहे.

आता ज्याची मला सुरुवातीपासून शंका होती ते बोलतो. एवढे आकडे मिळतात तर मग पंच कशाला? खासबागेच्या कुस्ती मैदानात चितपटीचा निकाल सगळ्या मैदानाला दिसतो: दोन्ही खांदे मातीला, विषय संपला. सर्फिंगमध्ये तसं काही नाही. पाच पंच प्रत्येक लाटेला शून्य ते दहा गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी काढून उरलेल्या तिघांची सरासरी धरतात, आणि स्पर्धकाच्या दोन उत्तम लाटांची बेरीज वीसपैकी होते. बघायचं काय, तर धाडस आणि अवघडपणा, नावीन्य, वैविध्य, वेग, ताकद, ओघ. यातला वेग सेन्सर सांगेल, ताकदही बरीचशी सांगेल. धाडसाचं काय?

२०२४ च्या ऑलिम्पिकचं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरवर, ताहितीमधल्या तेआहुपोला झालं. तिथे ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनाला एका लाटेवर ९.९० गुण मिळाले. तेआहुपोची लाट उथळ प्रवाळावर येऊन आदळते आणि तिचा माथा पुढे झुकून पाण्याचा बोगदा तयार होतो. सर्फर त्या बोगद्यात शिरतो. आत असताना तो फार काही करत नाही. उलट कधी भिंतीत हात घालून वेग कमी करतो, म्हणजे बोगद्यात आणखी क्षणभर राहता येईल. अशा वेळी फळीवरच्या सेन्सरचा आलेख कसा दिसेल? जवळपास शांत. आणि माझ्या भाच्याचा पहिल्या दिवशीचा आलेख बघाल तर आकाशपाताळ एक झालेलं. नुसत्या हालचालीवर गुण दिले तर सुवर्णपदक शिवाजी पेठेत आलं असतं. फळीचं काय झालं हे सेन्सरला कळतं, पण डोक्यावर किती टन पाणी झुकलं होतं आणि खाली प्रवाळ किती हातांवर होता, हे त्याच्या नोंदीत कुठेच नसतं.

शिवाय दोन लाटा सारख्या नसतात. कालच्या वळणापेक्षा आजचं जोरात बसलं, तर सर्फर सुधारला की लाट चांगली होती? ही अडचण कृत्रिम लाटेने थोडी सुटते. अकरा वेळा विश्वविजेता ठरलेल्या केली स्लेटरने २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या लमूर या शेतीच्या भागात, समुद्रापासून शंभराहून जास्त किलोमीटर आत, एक लांबलचक तलाव दाखवून जगाला चकित केलं. पाण्याखालचं पातं रुळांवरून ओढलं जातं आणि त्याच्या मागे दर वेळी तशीच लाट उठते. लाट तीच राहिली की आलेखातला फरक सर्फरचा म्हणता येतो. (हे ऐकल्यापासून भाच्याचं ऊस काढून तलाव खणायचं चाललंय. आमच्या आठ गुंठ्यांत.)

मला सगळ्यात आवडलेला सेन्सर मात्र सर्फरला मोजतच नाही. फळीच्या मागच्या टोकाला खालून माशाच्या परासारखं एक फिन असतं. सॅन डिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी स्मार्टफिन नावाचं असं एक फिन वापरात आणलं, ज्यात तापमापक आणि हालचालीचे सेन्सर बसवलेले आहेत. किनाऱ्यालगत लाटा फुटतात त्या पट्ट्यात मोजणीची यंत्रं टिकत नाहीत आणि उपग्रहाचे आकडेही तिथे नीट लागत नाहीत. सर्फर मात्र त्याच पट्ट्यात, हौसेने, तास-तास बसून असतो. तो वाट बघत असताना फिन समुद्राचा ताप बघत राहतं. स्पर्धेच्या हिशेबात वाया गेलेला वेळ इथे सगळ्यात कामाचा ठरतो, कारण फिन तेव्हा सलग पाण्यात असतं.

त्या रात्री भाच्याने आणि मी स्कूटर वगळून आठवड्याचा हिशेब पुन्हा मांडला. लाटा बावीस. सर्वांत लांब अडतीस मीटर. पोराचा चेहरा उतरला. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, आठवड्याचं एकूण पॅडलिंग: नऊ किलोमीटर. ती मी मोठ्याने वाचली.

"नऊ किलोमीटर? नुसत्या हातानं?" आईने परातीतला हात थांबवला. "मग एका भाकरीवर काय उठतोस? बस खाली."