वलये स्पष्ट दिसावीत म्हणून: वृक्षवलय-नमुन्यांच्या तयारीचे साहित्य

आम्ही वृक्षवलयांच्या, म्हणजे खोडातल्या वार्षिक वलयांच्या, अभ्यासासाठी खाचपट्ट्या (लाकडाचा नमुना बसवायला खाच असलेल्या लाकडी पट्ट्या) बनवतो आणि त्यासोबत कागदी नळ्या, गोंद, पॉलिश पेपर, सँडरचे बेल्ट, ब्लेड, हातभिंगे असे साहित्य पुरवतो. नवे ग्राहक बहुधा जास्त ताकदीचे भिंग मागतात, कारण त्यांना वलये नीट दिसत नसतात. आमचे सांगणे असे की आधी पृष्ठभाग बघा. ओरखड्यांनी भरलेले लाकूड मोठे करून पाहिले तर ओरखडेच मोठे दिसतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी केरळातल्या सागाच्या वलयांच्या रुंदीवरून ५२३ वर्षांची वर्षवार मालिका उभी केली आणि तिच्यात एल निनो व मान्सूनच्या दुष्काळांच्या खुणा शोधल्या. ते काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मालिकेत एक वलय मोजायचे राहिले, तर त्याच्या आतली सगळी वर्षे एकाने सरकतात. अनेक झाडांच्या मालिका एकमेकींशी जुळवून चूक झाल्याचे कळते, पण ती नेमकी कुठे झाली हे शोधायला पुन्हा लाकडाकडेच यावे लागते. लाकूड नीट तयार केलेले नसेल तर तिथे काहीच सापडत नाही.

आमचे बरेच ग्राहक सागावर काम करतात, म्हणून हे पत्रक मुख्यतः साग डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

कोअर झाडातून निघाल्यावर

कोअर म्हणजे खोडातून काढलेली लाकडाची बारीक कांडी, आणि ती काढायचे पोकळ गिरमिट म्हणजे बोअरर. बोअरर आम्ही बनवत नाही. नेहमीच्या बोअररमधून ५.१५ मिलिमीटर जाडीचा कोअर निघतो, आमच्या साध्या पट्ट्या त्याच मापाच्या आहेत. ४.३ आणि १२ मिलिमीटरसाठी वेगळ्या पट्ट्या मिळतात. जंगलात झाडाला भोक पाडण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी घ्या, हे आम्ही प्रत्येक मागणीसोबत सांगतो.

कोअर ठेवायला कागदी नळ्याच वापरा. प्लॅस्टिकच्या नळीत ओल अडकते आणि कोकणासारख्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही. नळीवर झाडाचा क्रमांक, दिशा आणि तारीख पेन्सिलने लिहा, कारण शाई ओलीने पसरते. तारीख विसरू नका. सालीलगतचे शेवटचे वलय पूर्ण झाले होते की वाढ चालू होती, हे नंतर तारखेवरूनच ठरते. नमुने सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या. घाईने ओव्हनमध्ये ठेवलेला कोअर तडकतो.

पट्टीवर बसवताना

सर्वांत जास्त नमुने इथे बिघडतात. कोअर खाचेत बसवताना लाकडाचे तंतू उभे असायला हवेत, म्हणजे वरून घासल्यावर आडवा छेद समोर येतो. कोअर बोटांत फिरवून उजेडात बघा. दोन बाजू चकाकतात, दोन मंद दिसतात. चकाकणाऱ्या बाजू डावी-उजवीकडे आणि मंद बाजू वर-खाली ठेवा. खात्री करायची असेल तर दहापट भिंगाखाली वरची बाजू तपासा. सागाच्या वाहिन्या, म्हणजे लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या, तिथे गोल छिद्रांसारख्या दिसल्या पाहिजेत. लांबट रेघा दिसल्या तर कोअर पाव फेरा फिरवा.

कोअर पिळवटलेला असेल तर किटलीच्या वाफेवर धरून हलक्या हाताने उलट दिशेला फिरवा आणि सरळ झाल्याबरोबर बसवा. तुटलेल्या कोअरचे तुकडे क्रमाने लावा. दोन तुकड्यांची टोके एकमेकांत बसत नसतील तर मधे थोडी जागा सोडून पट्टीवर तशी नोंद करा. ओढून जुळवलेला सांधा पुढे वलयाची सीमा म्हणून मोजला जाऊ शकतो.

गोंद पाण्यात विरघळणाराच हवा, नेहमीचा पांढरा फेविकॉल चालतो. सुतारकामात मान असलेला जलरोधक प्रकार इथे नको, कारण चुकीचा बसलेला कोअर वाफ देऊन पुन्हा काढता आला पाहिजे. गोंद लावल्यावर सुती दोऱ्याने बांधून रात्रभर ठेवा. पट्ट्या आम्ही मऊ, सरळ रेषांच्या लाकडात काढतो, कारण पट्टी कोअरपेक्षा कठीण असेल तर घासताना कोअरच आधी झिजतो. एमडीएफच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण वाफेने फुगतात, म्हणून त्या ठेवत नाही.

समस्थानिकांचे (आयसोटोपचे) किंवा रासायनिक विश्लेषण करायचे असेल तर कोअर चिकटवूच नका. त्या कामाला कागदी नळी आणि स्वच्छ ब्लेड एवढेच लागते.

घासणे

पॉलिश पेपरच्या मागे छापलेला नंबर नीट वाचा. ‘पी’ अक्षर असलेला युरोपीय मोजणीचा कागद आणि ‘पी’ नसलेला अमेरिकी मोजणीचा कागद सारखे नसतात. पी ४०० कागदाचे कण सरासरी ३५ मायक्रॉनचे असतात, तर अमेरिकी ४०० नंबरचे साधारण २३ मायक्रॉनचे, म्हणजे जवळजवळ पी ८०० इतके बारीक. २२० नंबरपर्यंत दोन्ही मोजण्या जवळपास जुळतात, त्यामुळे हा फरक नेमका शेवटच्या, महत्त्वाच्या टप्प्यांवर घात करतो. आमच्या संचातले सर्व कागद ‘पी’ मोजणीचे आहेत. त्यात दुसरीकडचे मिसळू नका.

कोअरसाठी पी १२०, १८०, २४०, ३२०, ४०० आणि ६०० असा क्रम ठेवा. चकतीवर, म्हणजे खोडाच्या आडव्या कापावर, करवतीच्या खुणा असतात, तिथे पी ८० पासून सुरुवात करा. प्रत्येक कागदाचे काम आधीच्या कागदाचे ओरखडे काढणे एवढेच आहे. मधले दोन टप्पे गाळले तर बारीक कागद कितीही घासला तरी जाड ओरखडे तसेच राहतात, वर चकाकी आल्याने ते लपतात आणि मायक्रोस्कोपखाली पुन्हा उघडे पडतात. चकती प्रत्येक टप्प्यावर पाव फेरा फिरवा, म्हणजे जुने ओरखडे आडवे दिसतील आणि कधी थांबायचे ते कळेल. कागद बदलण्याआधी भुसा हवेने किंवा व्हॅक्यूमने काढा. जाड कागदाचा एखादा सुटा कणही पुढच्या पृष्ठभागावर रेघ ओढतो.

कोअरची साधारण अर्धी जाडी उरेल इतपतच घासा. पी ३२० पर्यंत यंत्र चालेल, त्यापुढे कागद सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून हाताने घासा. बोटाने दाबून घासले तर मऊ भाग खोलगट होतात.

सागाच्या दोन खोडी आहेत. त्यात सिलिका असल्याने कागदाची धार लवकर जाते आणि तेलकटपणामुळे भुसा कणांमध्ये चिकटून बसतो. मग माणूस जास्त दाब देतो, लाकूड तापते, काळपट होते आणि सीमा पुसट होतात. दाब वाढवू नका. चालत्या बेल्टवर क्रेप रबराचा ठोकळा टेकवून भुसा उतरवा, आणि धार गेलेला बेल्ट बदलाच. न भरणारा, पांढरट लेप असलेला कागद सागाला सोयीचा असतो. मात्र त्या लेपात झिंक स्टिअरेट असते, त्यामुळे मूलद्रव्यांचे विश्लेषण करायच्या नमुन्यांना तो लावू नका.

सागाचे वलय ओळखताना

सागात वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची रांग आणि तिच्यालगत फिकट ऊतीचा पट्टा येतो. पावसाळ्यात मधेच ताण पडला तर तसाच आभास देणारे खोटे वलय तयार होऊ शकते, पण ते चकतीभर फिरवून पाहिले तर कुठेतरी विरते. म्हणूनच तोडलेल्या झाडाची चकती मिळत असेल तर आम्ही कोअरपेक्षा तीच घ्यायला सांगतो. बुंध्याशी साग खाचाखाचांचा असतो, तिथे वलये एकमेकांत मिळतात, चकती शक्य तितकी वरून काढा. वाहिन्या ठळक दिसण्यासाठी आधी भुसा पूर्ण काढून पांढरा खडू घासा आणि वरचा थर पुसून टाका. गडद लाकडावर छिद्रे पांढरी उठून दिसतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि अनेकदा सगळ्यात उपयोगी.

देवदारासारख्या हिमालयातल्या सूचिपर्णी लाकडात अशा मोठ्या वाहिन्या नसतात, पेशी बारीक असतात, म्हणून तिथे पी ६०० वर न थांबता १५ आणि ९ मायक्रॉनच्या पॉलिश फिल्मपर्यंत जा किंवा धारदार ब्लेडने पातळ काप घ्या. पेशींचीच मोजणी करायची असेल तर स्वित्झर्लंडच्या डब्ल्यूएसएल संस्थेत विकसित झालेला कोअर मायक्रोटोम (कोअरचे पातळ काप घेणारे यंत्र) उत्तम, पण नुसती वलयांची रुंदी मोजायला तो लागत नाही.

खुणा आणि स्कॅनिंग

दर दहाव्या वलयावर एक टिंब, पन्नासाव्यावर दोन, शतकावर तीन, ही जगभरची रीत पाळा, म्हणजे तुमचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेलाही वाचता येईल. स्कॅनरवर १२०० डीपीआयला (इंचामागे १२०० ठिपके) एक पिक्सेल सुमारे २१ मायक्रॉनचा असतो, २४०० ला त्याच्या निम्मा. ०.२ मिलिमीटरचे अरुंद वलय १२०० वर जेमतेम दहा पिक्सेलमध्ये येते, तिथे २४०० वापरा.

भुसा आणि साठवण

लाकडाचा भुसा कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात मोडतो, आणि सागाच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. एन ९५ मास्क, चष्मा आणि सँडरला जोडलेला व्हॅक्यूम यांशिवाय यंत्र सुरू करू नका. विद्यार्थ्यांकडून काम करून घेणाऱ्या महाविद्यालयांना ही आमची कळकळीची विनंती आहे.

सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, मग कोरड्या कपाटात लावा. मोजणी झाली म्हणून पट्ट्या फेकू नका, पुढच्या संशोधकाला त्या पुन्हा तपासाव्या लागतील.

मागणी नोंदवताना

झाडाची जात, कोअरची जाडी आणि सर्वांत लांब कोअरची लांबी कळवा. सँडर असेल तर त्याच्या बेल्टची रुंदी आणि घेरही लिहा. पहिल्यांदा काम करणाऱ्यांनी एकदम मोठी मागणी देऊ नये. सहा पट्ट्या आणि कागदांचा एक क्रम असा छोटा संच आधी मागवा आणि तो फुटलेल्या, टाकाऊ कोअरवर वापरून बघा. कोणत्या टप्प्यावर अडचण येते ते पृष्ठभागाच्या जवळून काढलेल्या छायाचित्रासह कळवलेत, तर पुढचा संच त्यानुसार बदलून पाठवू.