शेणात सापडलेलं गवत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यातलं पिजदुरा हे गाव जगभरच्या जीवाश्मतज्ज्ञांना ठाऊक आहे, आणि तेही विष्ठेमुळे! इथे डायनासोरच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. त्याच भागातल्या डोंगरगावला लांब मानेच्या, शाकाहारी आयसीसॉरसचा सांगाडा सापडला. तो खणून काढणारी संस्था कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. तिच्याच आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. त्याच्या पुढच्या पायातलं वरचं हाड एकटंच जवळजवळ दीड मीटर भरतं. कवटी मात्र मिळालेली नाही.

मग हे प्राणी खायचे काय, हे कळणार कसं? विष्ठेतून.

गवत जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषतं आणि ती पेशींत साठवतं. उसाचं पान हाताला कापतं ते त्यामुळेच. हे सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, पोटात पचत नाहीत, मातीत कुजत नाहीत. शिवाय त्यांच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या विष्ठेतले फायटोलिथ तपासले. ताड, सूचिपर्णी झाडं यांच्या जोडीला त्यात किमान पाच प्रकारची गवतं निघाली. काही तर भात आणि बांबूच्या गोतावळ्यातली! तोवर समजूत अशी होती की गवत फोफावलं ते डायनासोर संपल्यानंतर.

अर्थात कुरणं वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. जेवणात गवताचा वाटा थोडाच होता. विष्ठेत पानांवर रोग पाडणाऱ्या बुरशीचे बीजाणूही सापडले आहेत, म्हणजे झाडपाला ओरबाडणं चालूच होतं. ही विष्ठा आयसीसॉरसचीच, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र ती त्याच्या कुळातल्या, टायटॅनोसॉर गटातल्या प्राण्यांची असावी, असं तिथल्या हाडांवरून मानतात.

काळ साधारण ६.७ कोटी वर्षांपूर्वीचा. भारत तेव्हा आशियाला धडकलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. दख्खनच्या लाव्ह्याने पुढे हाच मुलूख झाकला.

एक धागा मला सर्वांत रंजक वाटतो. त्या काळच्या गोंडवानाथेर नावाच्या चिमुकल्या सस्तन प्राण्यांचे दात उंच होते, चरबरीत चारा खाऊनही लवकर न झिजणारे. असे दात त्यांना कशासाठी लागत, हे कोडंच होतं. गवत सापडल्यावर संशोधकांनी सुचवलं की तेही गवत खात असावेत.