पेस्ट काढण्याचा प्रश्न आणि ‘पॅसिव्ह’चा घोळ

रूट कॅनाल उपचारात दोन भेटींच्या मधे दाताच्या मुळातल्या पोकळीत, म्हणजे कॅनालमध्ये, जंतू मारायला कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरतात आणि कायमचं भरण करण्याआधी ती काढतात. हे द्रव्य दंतवैद्यकात आलं १९२० साली. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, दोन भेटींच्या मधे दातात फॉर्मोक्रेसॉलसारखी उग्र द्रव्यं कापसाच्या बोळ्यावर ठेवत. ती वाफेने काम करायची, त्यामुळे काढायचा होता तो फक्त बोळा. पेस्ट रुळली तेव्हा सगळी चर्चा ती टोकापर्यंत भरायची कशी, याचीच. काढण्याबद्दल एक ओळ असायची: शेवटच्या मापाची फाइल (कॅनाल घासायचं सुईसारखं हत्यार) फिरवा, हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रवाने) धुवा.

एवढ्याने भागत नाही, हे काढलेले दात उभे चिरून पाहिल्यावर कळलं. मुळाच्या टोकाकडे पांढरा थर तसाच. तो सीलरला, म्हणजे कायमच्या भरणाभोवतीच्या लेपाला, भिंतीतल्या सूक्ष्म दंतनलिकांत शिरू देत नाही, आणि झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा सीलर असेल तर त्याच्या घट्ट होण्यातही ढवळाढवळ करतो. मग कॅल्शियमला धरून सोडवणारी द्रव्यं, १७ टक्के इडीटीए आणि सायट्रिक आम्ल, पुढे आली. सिलिकॉन तेलात कालवलेल्या पेस्टपुढे मात्र त्यांचंही फारसं चालत नाही.

खरा गुंता झाला तो अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या वेगवान कंपनांनी फाइल थरथरवायच्या तंत्राच्या, नावात. १९५७मध्ये ते कॅनालमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं, तेव्हा त्याने भिंती कापणं अपेक्षित होतं. पुढे कापायचं सोडून नुसता द्रव घुसळायची पद्धत निघाली आणि तिला ‘पॅसिव्ह’ म्हटलं गेलं. म्हणजे काय, तर फाइलने मुद्दाम कापायचं नाही. पण सेकंदाला हजारो वेळा थरथरणाऱ्या फाइलला पॅसिव्ह कोण म्हणेल? वाकड्या कॅनालमध्ये ती भिंतीला लागतेच. नवखे तर या शब्दाचा अर्थ नुसतं सिरिंजने धुणं असा घेतात. आता ‘अल्ट्रासॉनिकने चालना दिलेलं’ असं म्हणण्याकडे कल आहे, आणि ते योग्यच. तरी जुन्या नावाखाली कुणी द्रव सतत सोडलेला असतो, कुणी थांबून थांबून भरलेला. सेकंदही वेगळे, ताकदही वेगळी. असे निष्कर्ष शेजारी ठेवून पद्धतींची क्रमवारी लावली जाते!

त्यात बहुतेक चाचण्या चिरलेल्या दाताच्या भिंतीत कोरलेल्या सरळ खाचेवर. दोन कॅनालना जोडणारी खरी चिंचोळी फट इतकी शहाणी नसते.

तीन प्रतिजैविकांच्या पेस्टने प्रश्नच बदलला. त्यातलं मिनोसायक्लिन दंतिनातल्या (दाताच्या आतल्या कठीण थरातल्या) कॅल्शियमला चिकटून दात काळवंडतं, म्हणून ते वगळण्याकडे आणि पेस्टमधलं औषधाचं प्रमाण कमी ठेवण्याकडे कल झाला. अलीकडे आत गेल्यावर आकार बदलणाऱ्या निकेल-टायटॅनियम फाइली आणि लेसर आले आहेत. सिरिंजपेक्षा ते सहसा सरस ठरतात, पण टोकाकडचा भाग दर वेळी पूर्ण रिकामा त्यांनाही करता येत नाही.