जिनिव्हातले बिनपगारी इंटर्न : पार्श्वभूमी

जिनिव्हातल्या इंटर्नांच्या पैशांचा विषय निघाला की २०१५ चा तंबू निघतोच. न्यूझीलंडचा बावीस वर्षांचा एक तरुण सरोवराकाठी निळ्या तंबूत राहून संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात कामाला जात होता. ऑगस्टमध्ये ही बातमी जगभर गेली आणि लगेच त्याने काम सोडलं. तंबूमागे लक्ष वेधण्याचा हेतूही होता, हे पुढे त्यानेच मान्य केलं. मग चर्चा सगळी त्याच्या खरेखोटेपणावरच रंगली. कार्यालयाने दिलेलं उत्तर मात्र फारसं कुणी तपासलं नाही. ते असं होतं : इंटर्नांना पैसे द्यायला आम्हालाही आवडेल, पण आमसभेचे नियम तशी मुभा देत नाहीत.

इथे आमसभा म्हणजे सदस्य देश. हे नियम कुठून आले, ते पाहण्यासारखं आहे.

विद्यार्थ्यांना काही आठवडे बोलावून संस्थेचं काम दाखवायचं, ही प्रथा जुनी आहे. जिनिव्हात १९६० च्या दशकापासून उन्हाळी अभ्यासवर्ग भरतात. पाहुणा विद्यार्थी यायचा, व्याख्यानं ऐकायचा आणि परत जायचा. त्याला पगार द्यावा, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल आणि त्यात गैर काही नव्हतं. नंतरच्या काळात इंटर्नांची संख्या हजारांत गेली, मुक्काम दोन ते सहा महिन्यांचा झाला आणि काम खरोखरीचं झालं. बैठकीची टिपणं काढायची, अहवालाचा मसुदा करायचा, आकडे जुळवायचे. कायम कर्मचाऱ्यांच्या भरतीला कात्री लागली की हेच काम इंटर्नकडे येतं, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा.

वादाची खरी गाठ १९९७ मध्ये पडली, आणि गंमत म्हणजे ती इंटर्नांसाठी पडलीच नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शांतिसेनेच्या मोहिमा एकदम वाढल्या. मुख्यालयात माणसं कमी पडू लागली, तेव्हा सरकारांनी आपले लष्करी अधिकारी ‘उसने’ दिले. त्यांचा पगार त्यांचं सरकार करी, संयुक्त राष्ट्रांना ते फुकट पडत. साहजिकच असे अधिकारी बहुतेक श्रीमंत देशांचे होते, कारण गरीब देशाला न्यूयॉर्कमध्ये अधिकारी ठेवणं परवडणार कसं? विकसनशील देशांनी यावर हरकत घेतली. फुकटची माणसं घेतली की निर्णयाच्या जागी श्रीमंतांचीच माणसं बसतात, भौगोलिक समतोलाचं तत्त्व कागदावर राहतं, हा त्यांचा मुद्दा होता. सप्टेंबर १९९७ मध्ये आमसभेने ठराव ५१/२४३ करून या उसनवारीला लगाम घातला.

पुढे १९९९ मध्ये प्रशासनाने या ‘विनामूल्य मनुष्यबळा’चे दोन प्रकार पाडले. उसने अधिकारी दुसऱ्या प्रकारात गेले आणि ते अपवादानेच घ्यायचे ठरलं. पहिल्या, चालू ठेवण्याच्या प्रकारात इंटर्न आले, आणि त्यांच्या शेजारी सहयोगी तज्ज्ञ, म्हणजे ज्यांचा पगार त्यांचं सरकार भरतं असे तरुण अधिकारी. एकाच रकान्यात दोघे. एकाला त्याचा देश पैसे देतो, दुसऱ्याला कुणीच नाही. ‘विनामूल्य’ हा शब्द एकदा नियमात बसला, की विद्यावेतन देणं म्हणजे नियम मोडणं असा अर्थ काढायला कितीसा वेळ लागतो? विकसनशील देशांनी जी तक्रार केली होती, नेमकी तीच आज बिनपगारी इंटर्नशिपविरुद्ध केली जाते : ज्याच्या घरी पैसा आहे तोच येऊ शकतो. आणि ती तक्रार ज्या निर्णयातून सुटायची, त्याच निर्णयाची ढाल पुढे केली जाते. सचिवालयाची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाची, बाजू अगदीच पोकळ नाही, अंदाजपत्रक सदस्य देशांच्याच हातात असतं. पण मुभा नसणं आणि कुणी मागितलेली नसणं यांत फरक आहे, आणि तो अनेक वर्षं सोयीस्करपणे पुसट ठेवला गेला.

प्रत्यक्ष जगणं काय, तर प्रवास, व्हिसा, विमा, घर, जेवण सगळं उमेदवाराच्या खिशातून. जिनिव्हात खोली मिळणं हीच परीक्षा असते. अनेक जण सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, अनमास किंवा फेर्ने-व्होल्तेरला राहतात आणि रोज बसने किंवा ट्रामने येतात. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला या हिशेबात विमानाचं तिकीट आणि रुपयाचा भाव मिळवावा लागतो, त्यामुळे निवड झाली तरी घरी बसून पुन्हा आकडेमोड करावी लागते. २०२० मध्ये जिनिव्हा कँटनच्या (स्वित्झर्लंडमधलं राज्य) मतदारांनी तासाला २३ फ्रँक किमान वेतन मंजूर केलं. ते संयुक्त राष्ट्रांच्या लोखंडी फाटकाबाहेरच थांबलं. आंतरराष्ट्रीय संस्थांना यजमान देशाच्या कायद्यापासून संरक्षण असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातल्या सगळ्या संस्था सारख्याच नव्हेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना बऱ्याच आधीपासून विद्यावेतन देते. तिथला एक इंटर्न इमारतीच्या तळघरात झोपताना सापडला, त्यानंतर हे सुरू झालं असं तिथे सांगतात. कामगारांच्या हक्कांची संस्था ती, तिला दुसरा पर्यायही नव्हता. जागतिक आरोग्य संघटना मात्र अडून बसली होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिनिव्हात इंटर्न रस्त्यावर उतरले. २०१८ च्या मे महिन्यात सदस्य देशांच्या आरोग्य सभेने ठराव केला : २०२० पर्यंत आर्थिक मदत सुरू करायची आणि २०२२ पर्यंत किमान निम्मे इंटर्न अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले घ्यायचे. भारत यात मोडतो. २०२० पासून विद्यावेतन सुरूही झालं. म्हणजे सदस्य देशांनी मनावर घेतलं तर ठराव होतो, एवढं तरी कळलं.

सचिवालयात तसं झालं नाही. २०१८ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्याच एका तपासणी पथकाने देणग्यांवर चालणारा खास निधी सुचवला होता, पण त्यातून सर्वांसाठी विद्यावेतन उभं राहिलं नाही. महामारीच्या काळात कित्येक इंटर्नशिपा घरून झाल्या. तेव्हा घरभाड्याचा प्रश्न आपोआप मिटला, पण ओळखीही झाल्या नाहीत, आणि पुढच्या नोकरीसाठी त्याच लागतात. कार्यालयं उघडल्यावर जाहिरातीतलं जुनं वाक्य पुन्हा दिसू लागलं : राहण्याचा, प्रवासाचा आणि दैनंदिन खर्च उमेदवाराने किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेने करायचा.