अर्धवेळ चालक, स्टॉक कार शर्यतीतील

स्टॉक कार शर्यतींच्या मालिकेत हंगामभर न धावता मोजक्याच शर्यतींत उतरणारा चालक. ‘स्टॉक’चा इथे शेअर बाजाराशी काही संबंध नाही, विक्रेत्याच्या दालनात मिळते तशी, फेरफार न केलेली गाडी असा त्याचा मूळ अर्थ. आजच्या गाड्यांत दालनातले जवळजवळ काहीच नसते, नाव तेवढे टिकून आहे. अमेरिकेतील नॅस्कार या संस्थेच्या कप मालिकेत वर्षाला गुणांच्या (म्हणजे विजेतेपदासाठी धरल्या जाणाऱ्या) ३६ शर्यती होतात. त्या सगळ्या धावतो तो पूर्णवेळ आणि बाकीचे अर्धवेळ, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ‘अर्धवेळ’ हे विशेषण शर्यतींच्या संख्येला लागते, कौशल्याला नाही. त्यामुळे हौशी चालक आणि अर्धवेळ चालक यांची गल्लत करू नये. आठवडाभर गॅरेज सांभाळून शनिवारी रात्री गावच्या मातीच्या धावपट्टीवर उतरणारा अर्धवेळच, आणि तीन विजेतेपदे गाठीशी असलेला डेव्हिड पीअर्सनही कारकिर्दीच्या ऐन भरात अर्धवेळच होता.

उगम : स्टॉक कार शर्यतींच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे त्यांचे मूळ जॉर्जिया व उत्तर कॅरोलायनाच्या डोंगराळ भागातील चोरट्या दारूच्या वाहतुकीत आहे. पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी वेगवान केलेल्या गाड्या रविवारी शेतातल्या रिंगणात एकमेकींविरुद्ध धावू लागल्या, असे हे मत सांगते. दुसरे मत फ्लॉरिडातील डेटोना बीचकडे बोट दाखवते. तेथे वेगाचे विक्रम विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच होत होते आणि ८ मार्च १९३६ रोजी वाळू व रस्ता मिळून केलेल्या मार्गावर स्टॉक गाड्यांची शर्यतही झाली. तीत मिल्ट मॅरियन विजयी ठरला. पुढे नॅस्कारचा संस्थापक झालेला बिल फ्रान्स पाचवा आला. दारू वाहणाऱ्यांचा वाटा नाकारता येत नाही. लॉइड सी हा चालक १ सप्टेंबर १९४१ रोजी अटलांटाच्या लेकवुड धावपट्टीवर जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी दारूसाठी घेतलेल्या साखरेच्या हिशेबावरून चुलतभावाच्या गोळीला बळी पडला. तथापि सुरुवातीच्या यच्चयावत चालकांना दारूवाले ठरवणे अतिरंजित वाटते; मेकॅनिक, शेतकरी व जुन्या गाड्यांचे व्यापारीही त्यांत होते. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे इतकेच, की दोन्ही मतांनुसार शर्यत हा कुणाचाच मुख्य धंदा नव्हता. सगळेच अर्धवेळ असल्यामुळे त्या काळात ‘अर्धवेळ’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

नॅस्कारच्या आजच्या कप मालिकेची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील पाऊण मैलाच्या (सु. १.२ किमी.) मातीच्या धावपट्टीवर २०० फेऱ्यांची झाली. १९४७ सालच्या फोर्ड गाडीत ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत तो बाद ठरला. त्या फोर्डच्या मागच्या आसाला पाट्यांची आडवी स्प्रिंग असे. दारूच्या ओझ्याने गाडीचा मागचा भाग खाली बसू नये म्हणून ही स्प्रिंग ताणून पसरवून कडक करण्याची युक्ती वाहतूकदारांत रूढ होती. अशी गाडी रिकामी असताना वळणावर कमी कलंडते, म्हणजेच शर्यतीत तिचा सरळ फायदा मिळतो. आणि नियम तर फेरफाराला मनाई करणारा. गाडीच्या मालकाने कोर्टात दावा लावला, तो फेटाळला गेला. कॅन्ससहून आलेला जिम रोपर लिंकन गाडीत विजेता ठरला. रोपरला या शर्यतीची बातमी वर्तमानपत्रातील एका चित्रपट्टीतून कळली, असे सांगतात; कथा पुष्कळ ठिकाणी येते, तीमागचा आधार मात्र मुख्यतः आठवणींचाच आहे. या मालिकेत रोपर एकूण दोनच शर्यती धावला. म्हणजे मालिकेचा पहिला विजेताच आजच्या व्याख्येने अर्धवेळ चालक होता. त्या हंगामाचा विजेता रेड बायरन हाही आठांपैकी सहाच शर्यती धावला होता.

संज्ञेला अर्थ कसा आला : १९५० मध्ये नॅस्कारने आपल्या मान्यतेबाहेरच्या शर्यतीत धावल्याबद्दल ली पेटी या चालकाचे ८०९ गुण कापले. चालकाने कुठे आणि किती धावावे यावर संस्थेचा हात येथूनच पडू लागला, असे म्हणता येईल. पण खरा बदल सत्तरीच्या दशकातला. १९६४ मध्ये हंगामात ६२ शर्यती होत्या, त्यामुळे अग्रगण्य चालकही काही गाळत. १९७१ मध्ये त्या ४८ होत्या. तंबाखू कंपनीचे प्रायोजकत्व आल्यानंतर १९७२ मध्ये त्या ३१ वर आल्या. १९७५ मध्ये बॉब लॅटफर्डची गुणपद्धती लागू झाली. तीत शर्यत कितीही मैलांची असो, विजेत्याला सारखेच १७५ गुण मिळत. तेव्हापासून एक शर्यत चुकवणे म्हणजे विजेतेपदाच्या शर्यतीत मोठी खोट, आणि पूर्णवेळ-अर्धवेळ हा भेद इथे पक्का झाला.

पीअर्सन (१९३४–२०१८) हे या वर्गाचे सर्वांत ठळक उदाहरण. व्हर्जिनियातील स्टुअर्ट गावच्या वुड बंधूंच्या संघाकडून तो मोठ्या, जास्त बक्षिसाच्या शर्यतीच धावे. १९७३ मध्ये १८ शर्यतींत उतरून त्याने ११ जिंकल्या. विजेतेपद मात्र एकच शर्यत जिंकलेल्या, पण सर्व २८ धावलेल्या बेनी पार्सन्सला गेले. कारकिर्दीत ५७४ शर्यतींत १०५ विजय ही पीअर्सनची गोळाबेरीज. रिचर्ड पेटीचे २०० विजय १,१८४ शर्यतींतले आहेत. दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद जुना असला, तरी गुणोत्तराचा कौल उघड आहे. केल यारबरोनेही १९८३ व १९८४ ची डेटोना ५०० (डेटोनाची ५०० मैलांची प्रतिष्ठेची शर्यत) अर्धवेळ चालक म्हणूनच जिंकली. मार्क मार्टिनने तर २००७ मध्ये चार शर्यतींनंतर गुणतक्त्यात अव्वल असताना ठरल्याप्रमाणे ब्रिस्टलची शर्यत सोडून दिली. अर्धवेळपणाचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे नाही.

प्रवेश : २०१६ पासून कप मालिकेत ३६ सनदा आहेत. सनद असलेल्या गाडीला प्रत्येक शर्यतीत जागा हमखास मिळते. एकूण जागा साधारणतः ४०, म्हणजे सनद नसलेल्या ‘खुल्या’ गाड्यांसाठी चार उरतात. डेटोना ५०० ला या चारपैकी दोन जागा वेळेच्या पात्रता फेरीत सर्वांत जलद ठरलेल्या खुल्या गाड्यांना आणि उरलेल्या दोन, प्रत्येकी १५० मैलांच्या दोन पात्रता शर्यतींतून मिळतात. पात्र न ठरल्यास गाडी ट्रेलरवर चढवून घरी न्यायची. इंजिन, टायर व माणसांवरचा खर्च बुडीत. चालकालाही संस्थेची मंजुरी लागते आणि ती धावपट्टीच्या लांबीनुसार पायरीपायरीने दिली जाते. आधी छोटी वर्तुळे, मग मैलभराची, शेवटी डेटोना-टॅलडेगासारखी महाधावपट्टी. नवख्याच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी असते.

सनदेपूर्वी ४३ गाड्यांचा ताफा असे. त्या काळात ‘सुरू करून थांबणे’ ही प्रथा बोकाळली, विशेषतः २००८ च्या मंदीनंतर. पात्र ठरायचे, काही फेऱ्या मारायच्या, मग कंपन, ब्रेक किंवा अतितापाचे कारण नोंदवून गाडी गॅरेजात लावायची आणि शेवटच्या क्रमांकाचे बक्षीस घ्यायचे. टायरचा एकच संच पुरतो, पिटमधली (शर्यतीदरम्यान टायर बदलण्याच्या व इंधन भरण्याच्या जागेवरची) माणसे भाड्याने आणावी लागत नाहीत, इंजिन पुढच्या आठवड्यालाही चालते. काही समीक्षक याला प्रेक्षकांची फसवणूक म्हणतात, काही तगून राहण्याचा मार्ग. अशा काही संघांनी पुढे पूर्ण अंतर धावण्याइतके बळ मिळवले, हे पाहता दुसरे मत अधिक समंजस वाटते.

तयारी व तांत्रिक अडचणी : अर्धवेळ चालकाचा पहिला प्रश्न वेगाचा नसतो, आसनाचा असतो. दुसऱ्यासाठी बांधलेल्या गाडीत बसायचे तर आसनाचे कवच तेच ठेवून आत मापाचा साचा ओतावा लागतो. बारीक मण्यांच्या पिशवीत राळ मिसळून ती आसनात ठेवतात. चालकाने अग्निरोधक पोशाख, शिरस्त्राण व मानेचा आधार घालूनच बसायचे आणि राळ घट्ट होईपर्यंत हलायचे नाही. साध्या कपड्यांत साचा घेतला, तर शर्यतीत खांद्यांशी जागा अपुरी पडते व पट्टे नीट बसत नाहीत. मानेचा आधार नॅस्कारमध्ये ऑक्टोबर २००१ पासून सक्तीचा आहे. पट्ट्यांवर उत्पादनाची तारीख शिवलेली असते व मुदत दोन वर्षांची. वर्षातून तीनचार वेळाच धावणाऱ्याचे पट्टे दिसायला कोरे करकरीत, पण मुदत संपलेले, आणि तपासणीत नेमके तिथेच अडते.

दुसरा प्रश्न वजनाच्या वाटणीचा. पुढील तपशील प्रामुख्याने स्थानिक धावपट्ट्यांवरील लेट मॉडेल या वर्गाच्या गाड्यांना लागू आहे. कपच्या २०२२ पासूनच्या गाडीला मागे सलग आसाऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलणारी रचना) आहे. चारही चाकांखाली काटे ठेवून उजवे पुढचे व डावे मागचे यांची बेरीज घेतात. तिचे एकूण वजनाशी प्रमाण म्हणजे तिरपे वजन. उदाहरणार्थ, गाडी १,३६० किग्रॅ. व तिरपे वजन ५२ टक्के असेल, तर ही बेरीज सुमारे ७०७ किग्रॅ. भरते. डाव्या मागच्या स्प्रिंगवरचा स्क्रू आवळला की त्या कर्णावरचे वजन वाढते आणि दुसऱ्या कर्णावरचे तितकेच घटते. एकूण वजन अर्थातच तेच राहते. तिरपे वजन वाढले की गाडी वळायला नाखूश होते, नाक बाहेर जाते. कमी झाले की मागून सुटते. वजन नेहमी चालक आत बसलेला असताना, त्या दिवशी लागणाऱ्या इंधनासह व टायरांत ठरलेली हवा भरून घ्यायचे. नेहमीच्या चालकापेक्षा पाहुणा पंधरा किलोंनी जड असला आणि काट्यावर फेरमोजणी झाली नाही, तर आधीच्या शर्यतीत उत्तम चाललेली गाडी वळत का नाही याचा शोध सराव संपेपर्यंत लागत नाही.

तिसरी गोष्ट टायरांच्या परिघातील फरक. वर्तुळाकार धावपट्टीवर वळणे डावीकडे असतात, त्यामुळे बाहेरच्या (उजव्या) चाकाला जास्त अंतर कापावे लागते; मागचा आस सलग असेल तर दोन्ही चाके एकत्रच फिरतात, म्हणून उजवा टायर मोठ्या परिघाचा लावतात. दोन चाकांतील अंतर १.६ मी. आणि वळणाची त्रिज्या ६० मी. धरली, तर फरक सुमारे २.७ टक्के येतो, २.१ मी. परिघाच्या टायरवर तो साधारण साडेपाच सेंमी. भरतो. धावपट्टीच्या उतारामुळे हा आकडा प्रत्यक्षात बदलतो. फरक जास्त ठेवला, तर वळणातून बाहेर पडताना गॅस देताच मागचा भाग घसरतो. टेपने परीघ मोजताना टायर गरम की थंड हे न लिहिणे ही नेहमीची चूक. टायर पिटमध्ये येताच सुई खुपसून आत, मध्ये व बाहेर असे तीन ठिकाणी तापमान घेतात. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. कप मालिकेत बहुतेक शर्यतींपूर्वीचा सराव आता वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो. पूर्णवेळ चालकाकडे मागच्या आठवड्याचे आकडे असतात, अर्धवेळ चालकाकडे बहुधा मागच्या वर्षाचे.

संधी कुठे : डेटोना (२.५ मैल, वळणावर ३१ अंश उतार) व टॅलडेगा (२.६६ मैल, ३३ अंश) येथे १९८८ पासून इंजिनात जाणारी हवा रोखून शक्ती कमी केली जाते, त्यामुळे गाड्या झुंडीने धावतात. एकट्याने जलद असण्यापेक्षा मागून कोण ढकलतो याला महत्त्व येते, आणि छोट्या संघालाही आशा राहते. २० फेब्रुवारी २०११ रोजी ट्रेव्हर बेनने आपल्या दुसऱ्याच कप शर्यतीत, विसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, वुड बंधूंच्या गाडीत डेटोना ५०० जिंकली. चालकाने एकाच मालिकेत गुण घ्यावेत हा नियम त्याच वर्षी आला होता व बेनने नॅस्कारची कपच्या खालची मालिका निवडली होती. सबब विजयाचे त्याला शून्य गुण मिळाले.

डावी-उजवी वळणे असलेल्या मार्गांवर वेगळ्या प्रकारातील निष्णात चालकांना खास बोलावण्याची चाल आहे. डॅन गर्नी कप मालिकेत केवळ १६ शर्यती धावला. त्यांतील पाच त्याने कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडला जिंकल्या. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिझबर्गन जुलै २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवरील शर्यत पदार्पणातच जिंकला. १९६३ मधील जॉनी रदरफर्डनंतर असे प्रथमच घडले. नव्यांसाठी अर्धवेळ काळ हा उमेदवारीचा. डेल अर्नहार्ट १९७५–७८ या चार वर्षांत नऊच शर्यती धावला, १९८० मध्ये तो मालिकेचा विजेता होता.

स्त्री चालकांत जॅनेट गथ्री हिचे नाव प्रथम येते. व्यवसायाने विमान-अवकाश अभियंता असलेली गथ्री १९७६–८० मध्ये ३३ कप शर्यती धावली. १९७७ च्या डेटोना ५०० मध्ये शेवटच्या टप्प्यात इंजिनाचे दोन सिलिंडर बंद पडूनही ती बारावी आली. त्याच वर्षी ब्रिस्टलला सहावी.

गावोगावच्या साप्ताहिक धावपट्ट्यांवरील चालकांच्या नोंदी विस्कळित असून बहुतांशी स्थानिक वृत्तपत्रांपुरत्या मर्यादित आहेत.

भारतीय चालकांपैकी कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत नऊ शर्यती धावला. मार्टिन्सव्हिलच्या पदार्पणात तो तेरावा आला. हंगामाअखेरीस चाहत्यांच्या मतदानात त्या मालिकेचा सर्वांत लोकप्रिय चालक तोच ठरला; पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनकडे परतला.